घरच्या चित्रफितींसाठी कोणती कोरी डिस्क?

प्रश्न : बारशाची चित्रफीत डीव्हीडीवर उतरवली. संगणकावर चालते, पण टीव्हीजवळच्या जुन्या प्लेअरवर ‘नो डिस्क’ येतं. कोणती कोरी डिस्क घ्यावी?

उत्तर : एकदाच लिहिता येणारी डीव्हीडी-आर घ्या. प्लेअर डिस्क ओळखतो तो तिच्यावरून परतणाऱ्या लेसरच्या प्रकाशावरून. विकत मिळणाऱ्या एकाच थराच्या छापील डिस्कवरून किमान ४५ टक्के प्रकाश परततो, डीव्हीडी-आरवरूनही जवळपास तितकाच. डीव्हीडी-आरडब्ल्यूवरून मात्र १८ ते ३० टक्केच. जुना प्लेअर अडतो तो इथेच. आरडब्ल्यू पुसून पुन्हा वापरता येते, म्हणून ती स्वस्त पडते, असं कुणी म्हणेल. पण बारशाची फीत पुसायची वेळ येऊच नये, मग त्या सोयीचा उपयोग काय? ‘डीव्हीडी प्लस आर’ डिस्कही वाईट नाही. ती २००२च्या सुमारास आली, म्हणून त्याआधीच्या प्लेअरवर तिचा भरवसा धरू नये.

आता एक गोष्ट, जिच्यापुढे चांगली डिस्कही हतबल होते. फाइल नुसती कॉपी करू नका. ‘डीव्हीडी-व्हिडिओ’ म्हणूनच बर्न करा आणि शेवटी डिस्क फायनलाइज करा, म्हणजे तिच्यावरचं लेखन पूर्ण करून ती बंद करा. ४.७ जीबीच्या डिस्कवर तासाभराचंच चित्रण ठेवा, म्हणजे चित्र फुटणार नाही. आधी एकच डिस्क बर्न करून त्याच प्लेअरवर शेवटपर्यंत पाहा; मूळ फीत तोवर जपून ठेवा.