मास्क कापायला, हालचाल थराला

कंपोझिटिंग शिकणाऱ्या आमच्या बिलोली भागातल्या मुलांना फोटो हलता करायला सांगितलं की हमखास पोळ्याचा बैल निघतो. झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळ. फोटो देखणाच असतो. पण अशा कामांत एकच घोळ मी पुन्हा पुन्हा पाहत आलोय, म्हणून हे लिहितोय.

एका मुलाने आफ्टर इफेक्ट्समध्ये बैलाच्या डोक्याभोवती मास्क काढला आणि डोकं फिरवलं. मागच्या फोटोत मूळ डोकं तसंच होतं, त्यामुळे बैलाला दोन डोकी दिसू लागली. मागचं डोकं पुसलं तर भिंतीला भोक पडलं. मानेपाशी चीर उघडली. ती झाकायला तो प्रत्येक फ्रेमला मास्कचे बिंदू ओढत बसला. 25 फ्रेमच्या हिशेबाने चार सेकंदांच्या 100 फ्रेम! रात्र गेली आणि कडा मात्र सगळीकडे थरथरत राहिल्या. पोराच्या मेहनतीत कसूर नव्हती, म्हणूनच जास्त वाईट वाटलं. हालचाल आधी आणि तयारी नंतर, हा क्रमच उलटा होता.

पहिली की-फ्रेम टाकण्याआधी कात्रणं पूर्ण करा. डोकं, धड, शेपूट, पाय असे वेगळे थर पाडा. मागची भिंत फोटोशॉपमध्ये क्लोन स्टॅम्पने भरून घ्या. फोटो स्वतः काढणार असाल तर बैल बाजूला नेल्यावर त्याच जागेवरून रिकाम्या भिंतीचाही एक काढून ठेवा. साधी मातीची भिंत भरता येते. बिलोलीच्या जुन्या मशिदीसारखं कोरीव दगडकाम मागे असेल, तर ठिगळ लगेच डोळ्यात भरतं.

सांध्यापाशी दोन्ही तुकडे एकमेकांखाली सरकतील इतका जास्तीचा भाग ठेवा. अ‍ॅनिमेशनकार लोटे राइनिगरने 1926च्या ‘प्रिन्स अखमेद’ चित्रपटात काळ्या पुठ्ठ्याच्या बाहुल्यांचे अवयव तारेने जोडले होते. त्या छायाकृती असल्याने काळ्यावर काळं चढलेलं दिसत नव्हतं. फोटोत ती सोय नाही. म्हणून सांधा घुंगरमाळेखाली किंवा झुलीच्या काठाखाली घ्या, म्हणजे जोड झाकला जातो.

मग अँकर पॉइंट सांध्यावर आणा. तो फोटोच्या मध्यावरच राहिला तर डोकं मानेवर न वळता हवेत गोल फिरतं. डोक्याला आणि शेपटीला धडाशी पॅरेंट करा. आफ्टर इफेक्ट्स आधी मास्क लावतं, मग इफेक्ट आणि त्यानंतर ट्रान्सफॉर्म. म्हणून थर फिरवला की त्याचा मास्क आपोआप सोबत जातो, त्याला हात लावावा लागत नाही. शेपटीसारख्या लवचीक भागाला पपेट पिन वापरा.

मास्कची कड एक-दोन पिक्सेल आत घ्या, म्हणजे मागे लिंबाचं झाड असलं तरी त्याची हिरवट किनार राहत नाही. फेदरही तेवढाच पुरे; जास्त दिला की बैल धुक्यातून कापल्यासारखा दिसतो. जमिनीवरची सावली वेगळ्या थरात ठेवा, नाहीतर डोकं वळतं आणि सावली जागची हलत नाही.

पहिल्याच सरावात बैल चालवायला जाऊ नका. चार पायांचा ताळमेळ बसला नाही की खूर घसरतात. मान वळली, शेपूट हलली, कान फडफडला तरी बैल जिवंत वाटतो. तेवढं स्वच्छ करा आणि पाय पुढच्या कामाला घ्या.