स्तनाचा कर्करोग आणि आपला धर्मादाय

आपल्या परंपरेत आहार, औषध, ज्ञान आणि अभय असे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. औषधदानाचा विषय निघाला की आपणां व्यापाऱ्यांच्या मनात प्रथम इमारत उभी राहते, आणि तिच्यावर दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी. स्तनाच्या कर्करोगासाठी निधी जमवावयाचा झाल्यास त्यातील पहिला रुपया इमारतीवर खर्च होऊ नये, असे आमचे नम्र मत आहे.

हा रोग आरंभी बहुधा दुखत नाही, हीच त्याची फसवणूक होय. स्तनात किंवा काखेत लहानशी गाठ येते. दुखत नाही म्हणून ती स्त्री कोणास सांगत नाही. आदिलाबाद जिल्ह्यात कापसाची वेचणी मुख्यत्वे स्त्रियाच करतात. ऐन हंगामात मजुरी बुडवून तपासणीस कोण जाईल? हंगाम सरतो, तोवर कातडीस खळी पडते, स्तनाग्र आत ओढले जाते, क्वचित त्यातून रक्तही येते. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. पुष्कळशा निरुपद्रवी असतात. परंतु तो निवाडा डॉक्टरांनी तपासून, जरूर तर गाठीचा तुकडा काढून करावयाचा असतो. घरातील वडीलधाऱ्यांनी नव्हे.

लवकर शोध घेण्यास मोठी यंत्रेच लागतात असे नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली झोपडवस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. त्यांपैकी निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातांनी तपासणी करीत. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: रोग अलीकडच्या अवस्थेत सापडू लागला, आणि पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत त्यामुळे होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याहून तरुण स्त्रियांत तसा लाभ दिसला नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. बार्शीसारख्या आपल्याच धर्तीच्या व्यापारी गावी १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. तिच्या कार्यकर्त्यांनी खेडोपाडी केलेल्या समजावणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आधीच्या अवस्थेत उपचारास येऊ लागल्या.

रोग सापडल्यावर हैदराबाद गाठावे लागते. तेथे १९५५ पासून मेहदी नवाज जंग यांच्या नावाचे सरकारी कर्करोग रुग्णालय आहे, आणि शस्त्रक्रियेस आरोग्यश्री योजनेचा आधार मिळतो. पण अंतर सुमारे तीनशे किलोमीटर. किरणोपचार कित्येक आठवडे, जवळजवळ रोज. गाडीभाडे, राहण्याची खोली, सोबतच्या माणसाचे जेवण, दोघांची बुडालेली मजुरी, ह्या खर्चापायी उपचार अर्धवट सुटतात. सेविकांचे मानधन आणि हा वरखर्च, ह्या दोहोंसाठी निधी हवा.

जुन्या अडत पेढ्यांच्या वह्यांत धर्मादाय खाते असे. मालावर ठराविक रक्कम कापून ती गोशाळा, धर्मशाळांकडे जाई. पुण्य पेढीच्या नावावर जमा होई, पैसा मात्र पुष्कळदा शेतकऱ्याच्या पट्टीतून निघे! नवे खाते उघडावयाचे तर ते आपल्या नफ्यातून उघडावे. कारण वेचणीस येणारी स्त्री त्याच शेतकऱ्याच्या घरची असते. किती जणी तपासल्या आणि किती जणींचे उपचार पुरे झाले, हे दोन आकडे दरसाल अहवालात छापावेत. रुग्ण स्त्रीचे नाव कोठेही येऊ नये.