काट्यावरचा स्विच आपला आपण कामाला कसा लागतो?



गेल्या हंगामात एका दुपारी वजनकाट्याचे काम तीन तास खोळंबले. गाड्यांची रांग पार फाट्यापर्यंत गेली आणि ऊस उन्हात वाळत राहिला. काटा बिघडला अशी बोलवा झाली. काटा ठणठणीत होता. जळाला होता तो काट्याच्या खोलीतला नेटवर्क स्विच. हा स्विच म्हणजे दिव्याचे बटण नव्हे. काटा, संगणक, कॅमेरे यांच्या तारा जिथे एकत्र येतात ती ही पेटी. दुसरी पेटी कपाटात होती, ती दहा मिनिटांत बसवलीही. पण ती पडली कोरी! कोणत्या तारेतून वजने जायची नि कोणत्या तारेतून चित्रे, हे तिला काहीच ठाऊक नव्हते. ते शिकवणारा आमच्या विभागात एकच माणूस, आणि तो नेमका परगावी लग्नाला. चूक आमचीच. म्हणून हंगाम संपल्यावर आम्ही जी व्यवस्था केली ती येथे सांगतो.

नवी ऊसतोड टोळी ट्रकमधून उतरली की आधी विचारते, कुणाच्या फडात जायचं? कोरा स्विचही वीज मिळताच तारेवर अशीच हाक देतो. त्या हाकेत त्याचा स्वतःचा बारा अक्षरी क्रमांक असतो, त्याला मॅक पत्ता म्हणतात. कार्यालयातला डीएचसीपी सर्व्हर नावाचा संगणक ही हाक ऐकतो, नोंदीत क्रमांक शोधतो आणि कळवतो : तुझा पत्ता हा, तुझी सूचनांची फाईल अमुक संगणकावर, फाईलीचे नाव तमुक. शेवटच्या दोन गोष्टींसाठी उत्तरात ६६ व ६७ क्रमांकाचे रकाने ठरलेले आहेत. स्विच फाईल उतरवून घेतो नि कामाला लागतो. आपण करायचे एवढेच, की कपाटातल्या पेटीचा क्रमांक आधीच काट्याच्या फाईलीपुढे नोंदवून ठेवायचा.

पहिल्या चाचणीत मात्र फजिती झाली. डिस्टिलरीतून काढलेला जुना स्विच लावला, तर गडी तोंडच उघडीना! तासाभराने उमगले, की त्याच्या पोटात जुन्याच सूचना होत्या. कोरा असेल तोच विचारतो. जुना आधी पुसून घ्यावा लागतो. शिवाय ही हाक आपल्या वस्तीपुरतीच ऐकू जाते. सर्व्हर नेटवर्कच्या दुसऱ्या भागात असेल, तर मधल्या राउटरला निरोप पुढे पोचवायला सांगावे लागते. आणि काही स्विच उतरवलेली फाईल आपणहून जपून ठेवत नाहीत. वीज गेली की विसरले! त्यांच्यात ती मुद्दाम साठवून घ्यायची.

आता खरी काळजीची बाब. स्विच भोळा असतो, एखाद्या लबाडाने आधी उत्तर दिले तर तेही खरे मानील. फाईल ज्या टीएफटीपी पद्धतीने येते तिला पासवर्डही नसतो. वजनाच्या बाबतीत सभासदाच्या मनात शंका येता कामा नये. म्हणून मुख्य स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू केले आहे. सर्व्हरची तार सोडून दुसऱ्या तारेवरून असे उत्तर आले तर ते तिथेच अडते. गुप्त शब्दही आम्ही फाईलीत ठेवलेले नाहीत.

बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आदल्या दिवशी काट्याचा स्विच मुद्दाम काढून कोरा बसवणार आहोत. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी सकाळी दहाला काट्याच्या खोलीशी यावे. मुले या विषयात शिकत असतील तर त्यांनाही बरोबर आणावे.