पाचट ठेवलं, तरी खोडवा पिवळा का?

प्रश्न : यंदा पाचट न जाळता सरीतच ठेवलं, पण खोडवा पिवळा पडलाय. काय करावं?
– एक ऊस उत्पादक, नातेपुते (ता. माळशिरस)

उत्तर : आधी पानं बघा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी आहे. खालची जुनी पानं पिवळी असतील तर नत्र. पाचटात कर्ब भरपूर, नत्र जेमतेम अर्धा टक्का. त्यामुळे ते कुजवणारे जिवाणू आणि बुरशी जमिनीतलं नत्र ओढून घेतात. हे जीव मेले की ते अमोनियमच्या रूपात सुटतं. नायट्रोसोमोनास जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि नायट्रोबॅक्टर जिवाणू पुढे नायट्रेट. तोवर पिकाची उपासमार नको म्हणून पाचटावर हेक्टरी साधारण ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं संवर्धन टाका. ओल ठेवा, पण पाणी तुंबू देऊ नका. हवा कोंडली की दुसरे जिवाणू नायट्रेटचा वायू करून उडवतात.