पाठ कोणाच्या हाती?

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर कंबर धरायला निमित्त शोधावे लागत नाही. रापणीचा दोर ओढताना सगळा जोर कमरेवर येतो. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणारी बाई वर्षानुवर्षे तो भार मानेवर झेलते. चिरेखाणीवर ट्रक भरणारा दिवसभर वाकतो आणि उठतो, आणि हापूस उतरवणाऱ्याची मान ऐन उन्हाळ्यात तासन्‌तास वरच असते. अशा माणसाला उसण भरली तर तो सहसा आधी दवाखान्यात जात नाही. घरातले कोणी तेल लावून चोळून देते, कोणी पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायला सांगते, मग हाडवैद्याचे नाव निघते. अलीकडे यात मोबाईलवरच्या कायरोप्रॅक्टिकच्या व्हिडिओंची भर पडली आहे. मान एका झटक्यात फिरते, कटकन आवाज येतो आणि रुग्ण हसत उठून बसतो. असे उपचार करून देणारे मोठ्या शहरांत भेटतात, आणि मुंबईला असलेला मुलगा आईवडिलांना तिकडे न्यायचा बेत करतो. मग प्रश्न येतो की याचे पैसे विम्यातून मिळतील का? बहुधा मिळणार नाहीत. पण का मिळणार नाहीत, हे नीट वाचले तर पाठ कोणाच्या हाती द्यावी, याचे उत्तरही तिथेच सापडते, असे माझे म्हणणे आहे.

आरोग्य विम्याच्या पॉलिसीत सुरुवातीला व्याख्यांची पाने असतात. बहुतेक लोक ती उलटून थेट रकमेकडे जातात, पण दावा मंजूर होणार की फेटाळला जाणार हे पुष्कळदा त्याच पानांवर ठरलेले असते. रुग्णालय म्हणजे कायद्याखाली नोंदणी झालेली संस्था. तशी नोंदणी नसेल तर दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान १० खाटा, चोवीस तास परिचारिका आणि डॉक्टर, शस्त्रक्रियेची खोली आणि प्रत्येक रुग्णाची रोजची नोंद हवी. वैद्यकीय व्यावसायिक म्हणजे ज्याचे नाव वैद्यक परिषदेच्या, अथवा आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथीच्या परिषदेच्या नोंदवहीत आहे असा माणूस. भारतात कायरोप्रॅक्टरांची नोंद ठेवणारी कायदेशीर परिषदच नाही, त्यामुळे परदेशातून रीतसर पदवी घेऊन आलेला कायरोप्रॅक्टरसुद्धा या व्याख्येत बसत नाही. त्यातच नेहमीच्या पॉलिसीला २४ तास दाखल होण्याची अट असते, आणि वगळलेल्या खर्चांच्या यादीत निसर्गोपचार केंद्रे, स्पा आणि पुरेसा वैद्यकीय आधार नसलेले उपचार यांची स्वतंत्र कलमे असतात. १ एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने विमा द्यायला सांगितले आहे, हे खरे. पण तो लाभ नोंदणीकृत वैद्याने आयुष रुग्णालयात दाखल करून घेऊन केलेल्या उपचाराचा आहे. गावातला हाडवैद्य त्यात येत नाही आणि कायरोप्रॅक्टिक तर आयुषमध्ये मोडतच नाही.

सरकारी योजनांचीही अशीच मर्यादा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे आणि रेशनकार्डाच्या रंगाची जुनी अडचणही उरलेली नाही. मणक्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेची वेळ आली तर ही योजना मोठा आधार आहे. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, २०१८ साली गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले तेव्हा सिंधुदुर्गात केवढी अस्वस्थता पसरली होती, हे ज्यांना आठवते त्यांना या आधाराचे मोल वेगळे सांगायला नको. मच्छीमारांसाठी मत्स्यसंपदा योजनेखाली गट अपघात विमा आहे: मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला अडीच लाख, आणि अपघातानंतर रुग्णालयात राहावे लागले तर २५ हजार रुपये. होडीवर पाय घसरून पाठ आपटली तर या विम्याची आठवण ठेवा. पण रोजच्या ओढाताणीने हळूहळू धरत गेलेल्या कंबरेचा शेक, मालीश, झटका यांचा खर्च यांपैकी कोणीही देत नाही. तो खिशातूनच जातो, आणि म्हणूनच तो कुठे करावा हे आधी ठरवायला हवे.

विमा कंपनी पैसे देत नाही म्हणून उपचार खोटा, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे चूक होईल. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम आणि रुग्णाला दुखण्याची नीट माहिती देणे यांच्यासोबत हाताने मणक्यावर केलेले उपचार आणि मालीश यांनाही जागा आहे, मात्र पुरावा कच्चा असल्याचे सांगून. त्याच सूचनांत ट्रॅक्शन आणि कमरेचा पट्टा नेहमीच्या उपचारात नको असे म्हटले आहे, आणि आपल्याकडे औषधाच्या दुकानातून पट्टा आणणे हाच पुष्कळांचा पहिला उपाय असतो. २०१७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २६ चाचण्यांचा आढावा आला. नव्या कंबरदुखीत हाताच्या उपचाराने शंभराच्या मापावर दहाएक अंकांइतका उतार पडतो, असे त्यात दिसले. हा फायदा खरा आहे, पण बेताचा. २०१९ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या आढाव्याने जुनाट दुखण्यात हा उपचार व्यायामासारख्या शिफारस केलेल्या इतर उपचारांइतकाच ठरतो असे सांगितले. म्हणजे नकाराचे कारण हात हे नाही. विमा कंपनी चार गोष्टी विचारते: उपचार कोणी केला, त्याची नोंद कुठे आहे, आधी तपासणी काय केली, काही बिघडले तर जबाबदार कोण. कंपनी हे स्वतःचा पैसा वाचवण्यासाठी विचारते. आपल्याला तर पाठ वाचवायची आहे, तेव्हा हेच प्रश्न आपण तिच्याआधी विचारायला हवेत.

यावर पहिले उत्तर ठरलेले असते: मला तर गुण आला. आला असेल. पण साधी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, आणि माणूस उपचाराला जातो तो दुखणे अगदी असह्य झाल्यावर. त्यानंतर उतार पडणारच असतो. मधल्या काळात तेल लावले, पायाळूचा पाय लागला किंवा मान मोडून घेतली, तर श्रेय त्याला जाते. उपचार करणारा लबाड असतो असे नाही. त्याच्याही डोळ्यांसमोर माणसे बरी होतात, म्हणून त्याचाही विश्वास बसतो. दुसरी फसगत एमआरआयची. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘चकती सरकली’, ‘नस दबली’ हे शब्द आता वाडीवाडीत पोचले आहेत. पण ज्यांना काहीच दुखत नाही अशा लोकांचे मणके तपासले तेव्हा विशीतल्या सुमारे ३७ टक्के लोकांत आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत चकतीची झीज आढळली. वयाबरोबर केस पिकतात तशीच ही झीज. अहवालात ती दिसली म्हणजे दुखण्याचे कारण सापडले असे नव्हे, आणि कोणी ती ‘बसवून देतो’ म्हणाला तर त्याला अहवालाचा अर्थ कळलेला नाही.

दुसरा आक्षेप परदेशातल्या मुलांकडून येतो: अमेरिकेत कायरोप्रॅक्टिकला विमा मिळतो, मग आपल्याकडे का नको? या पद्धतीची सुरुवात १८९५ साली आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्टमध्ये डी. डी. पामर यांनी केली. ९५ टक्के रोग सरकलेल्या मणक्यांमुळे होतात, असा त्यांचा दावा होता. आजचे वैद्यक तो मानत नाही. तरीही तिथे कायरोप्रॅक्टरांना प्रत्येक राज्यात परवाना घ्यावा लागतो, वर्षानुवर्षांचे शिक्षण आणि परीक्षा असतात, आणि तक्रार आली तर परवाना जाऊ शकतो. वृद्धांसाठीच्या मेडिकेअरने १९७२ च्या कायदादुरुस्तीनंतर या उपचाराला जागा दिली, तीही अगदी चिंचोळी: फक्त मणक्यावर हाताने केलेला उपचार. कायरोप्रॅक्टरने सांगितलेला एक्स-रे किंवा मालीश त्यात नाही, आणि ‘महिन्यातून एकदा सर्व्हिसिंग’ करावी तसा नित्याचा उपचारही नाही. तेव्हा विमा मिळतो एवढे ऐकून थांबू नका. त्या विम्यामागे परवाना आणि जबाब देणारा माणूस आहे, तोही पाहा. ते दोन्ही आपल्याकडे नसताना केवळ झटका उचलून आणणे धोक्याचे आहे. मुलांकडे सहा महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांनी हेही लक्षात ठेवावे, की प्रवास विम्यात आधीपासूनचे दुखणे सहसा वगळलेले असते; इथली जुनी कंबर तिथे नेऊन दाखवली तर बिल मुलालाच भरावे लागेल.

तिसऱ्या आक्षेपात मला तथ्य दिसते. लोक म्हणतात, डॉक्टरकडे जाऊन तरी काय होते? दोन मिनिटांत गोळ्या, लगेच एमआरआयची चिठ्ठी, आणि शहरात गेलो तर ऑपरेशनची भीती. हाडवैद्य निदान हात लावून पाहतो, बोलतो, विचारपूस करतो. ही तक्रार रास्त आहे आणि वैद्यकाच्या लोकांनी ती मनावर घ्यायला हवी. पण गोळ्यांना कंटाळलेल्या माणसापुढे नोंदणी नसलेला हात हाच एक मार्ग उरतो, असे नाही. भौतिकोपचार करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात कायद्याने स्थापन झालेली राज्य परिषद आहे, आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्याने हा व्यवसाय देशपातळीवरही नियमनाखाली आणला आहे. फिजिओथेरपिस्टही हाताने उपचार करतो, पण आधी पायातली ताकद, संवेदना, प्रतिक्षिप्त क्रिया तपासतो आणि नंतर घरी करायचा व्यायाम शिकवतो. त्याचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. पॉलिसीतही त्याला थोडी जागा असते: दाखल होऊन झालेल्या उपचारानंतर ठरावीक दिवसांपर्यंत डॉक्टरने लिहून दिलेली फिजिओथेरपी पुष्कळ पॉलिसी देतात. त्यासाठी ती चिठ्ठी आणि प्रत्येक पावती जपून ठेवावी लागते.

मानेच्या बाबतीत मात्र मी तडजोडीला तयार नाही. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतूनच वर जातात. मान जोरात पिळली गेली तर धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते, तिथे गुठळी होते, ती सुटून वर गेली की पक्षाघात. असे क्वचित घडते, आणि काही अभ्यासक म्हणतात की धमनी आधीच चिरलेली असते, त्या वेदनेमुळेच माणूस उपचाराला जातो. ते खरे धरले तरी निष्कर्ष बदलत नाही: चिरलेल्या धमनीची मान पिळणे आणखी वाईट. त्यामुळे केस कापून झाल्यावर मान मोडून घेण्याची सवय आजच सोडा. मानेच्या झटक्यानंतर, किंवा झटका नसतानाही, अचानक पूर्वी कधी न झालेली मानदुखी किंवा डोकेदुखी, चक्कर, एकाची दोन दिसणे, बोबडी वळणे, तोल जाणे यांतले काही झाले तर झोपून पाहू नका. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि मालवणहून बांबोळी शंभरावर किलोमीटर आहे. १०८ ला फोन करायला लावलेला प्रत्येक अर्धा तास यातूनच वजा होतो.

पाठीच्याही काही खुणा अशा आहेत की कोणाचाही हात लागण्याआधी तपासणी हवी. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल तर मणक्याचा क्षयरोग असू शकतो. आपल्या देशात तो दुर्मीळ नाही, सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी आणि औषधे मोफत आहेत, आणि पोखरलेल्या मणक्यावर दाब दिला तर माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो. उतारवयातली बाई नुसती घसरून बसली आणि पाठ दुखू लागली तर मणका दबून मोडलेला असू शकतो. हातपाय मोडल्यावर हाडवैद्याने बांबूच्या कामट्या आवळून बांधल्या आणि बोटे काळीनिळी, बधिर पडू लागली, तर पट्टी तिथल्या तिथे सोडा. रक्त अडून हात गमावल्याची उदाहरणे वैद्यकाच्या पुस्तकांत नोंदलेली आहेत.

साध्या कंबरदुखीला पैसेही फारसे लागत नाहीत. अंथरूण धरू नका. झेपेल तेवढे चालते राहा, शेक घ्या, चारसहा आठवडे थोडाथोडा व्यायाम वाढवा. हाताचा उपचार घ्यायचाच असेल तर नोंदणी असलेल्या माणसाकडून घ्या, आणि पहिल्याच दिवशी विचारा की किती बैठकांनंतर फरक पडला नाही तर थांबायचे. वीसतीस बैठकांचे पैसे आगाऊ मागणाऱ्याला नमस्कार करून निघा. पॉलिसी घेताना मणक्याच्या आजाराची प्रतीक्षा मुदत पाहा. आरोग्य संजीवनीसारख्या पॉलिसीत ती २४ महिने आहे, म्हणजे कंबर धरल्यावर घेतलेला विमा त्या कंबरेच्या कामी येत नाही. जुने दुखणे अर्जात लपवू नका. दावा बुडतो तो बहुधा त्याच जागी.

आणि पाठदुखीबरोबर लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलताना लटकू लागले, तर त्या दिवशी तेल, शेक, वैद्य, व्हिडिओ सगळे बाजूला ठेवून थेट ओरोसचे जिल्हा रुग्णालय गाठा. सकाळची वाट पाहू नका.