गिटारच्या नखीवर लेसरची अक्षरे

गिटार छेडण्याची नखी तुम्ही पाहिली असेल. जाडी जेमतेम पाऊण मिलिमीटर! तिच्यावर लेसरने नाव कोरायचे, तर शक्ती आणि वेग किती ठेवाल?

समजा, शक्ती १० वॅट, किरणाचा वेग सेकंदाला १०० मिलिमीटर आणि दोन रेघांतील अंतर ०.१ मिलिमीटर आहे. म्हणजे सेकंदाला १० चौरस मिलिमीटर भाग कोरला जाईल आणि दर चौरस मिलिमीटरला १ ज्यूल ऊर्जा मिळेल. वेग दुप्पट केला, की ती निम्मी. म्हणून त्याच जातीच्या टाकाऊ तुकड्यावर चौकटी कोरून पाहा. आडव्या ओळीत वेग बदला, उभ्या ओळीत शक्ती. जिथे अक्षर रेखीव उठते आणि कडा वितळत नाहीत, ती चौकट निवडा.

पण त्याआधी नखी कशाची आहे, हे ओळखा. सेल्युलॉइडमध्ये मुख्यतः नायट्रोसेल्युलोज असते. ते भडकन पेटते, त्याला लेसर दाखवूच नका! पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड हा वायू निघतो. तो फुप्फुसांना घातक, शिवाय यंत्रही गंजवतो. ॲक्रिलिक चांगले. मात्र रंगहीन ॲक्रिलिकमधून निळा लेसर आरपार जातो. तिथे कार्बन डायॉक्साइड लेसर हवा. त्याचे १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण पृष्ठभागातच शोषले जातात.

हा लेसर १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी तयार केला. त्यांचा जन्म बारामतीचा, आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यातले!