अपुऱ्या मोजणीतून हृदयाचे चित्र

प्रश्न (दौंड): डीप लर्निंगमुळे हृदयाचा एमआरआय लवकर कसा होतो?

उत्तर: एमआरआय यंत्र चित्र थेट टिपत नाही, ते चित्रात दडलेल्या लहानमोठ्या तरंगांची, म्हणजे ‘के-स्पेस’ची, ओळीओळीने मोजणी करते, आणि ही मोजणी अनेक ठोक्यांत विभागावी लागत असल्याने रुग्णाला वारंवार 10-15 सेकंद श्वास रोखावा लागतो, जे धाप लागणाऱ्याला फार जड जाते. जुन्नर तालुक्यातील खोडदची जीएमआरटी रेडिओ दुर्बीणही 30 अँटेनांनी अशाच, पण अपुऱ्या तरंगमोजणीतून आकाशाचे चित्र बांधते. एमआरआयमध्येही काही ओळी गाळल्या की वेळ वाचतो, पण चित्रावर खोट्या सावल्या उमटतात. पूर्ण मोजणीच्या उदाहरणांवर शिकवलेले डीप लर्निंगचे न्यूरल नेटवर्क त्या दूर करते, मात्र चित्र टप्प्याटप्प्याला प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहिलेच पाहिजे, अन्यथा हृदयस्नायूवरील बारीक व्रणही पुसला जाऊ शकतो.